तो हसला नव्हता

आमच्या कॉलनीतल्या वाचनालयात दर मंगळवारी आम्ही सात-आठ म्हातारे गोष्टी-लेख लिहायला शिकतो. शिकवणाऱ्या बाई कॉलेजातून निवृत्त झालेल्या. गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "एकच प्रसंग लिहून आणा. वाचणाऱ्याला विसरता येऊ नये असा. आणि त्यात एक तरी बारीक गोष्ट हवी, जी पाहिल्याशिवाय सुचत नाही."

मी अपघात लिहिला. बावीस वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या यंत्रांच्या विभागाचा, सुपरवायझर होतो. माझ्या पाळीतल्या एका ऑपरेटरची उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. रक्त, पत्र्यावर पडलेला हातमोजा, सगळं लिहिलं. वर्गात वाचून दाखवलं. मग बँकेतून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले, "अहो, आजचा चहा गेला तुमच्यापायी." बाई म्हणाल्या, "वार्षिक अंकात पहिलं हेच घेऊ."

तो लेख मी परत मागून घेतला आहे. हा त्याच्या जागी. कारण हा अपघात मी पूर्वीही एकदा लिहिला होता, आणि तेव्हाही तो सगळ्यांना खरा वाटला होता.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. पण त्यात वेळ जातो. म्हणून आम्ही एका बटणात लाकडी पाचर ठोकायचो. एक हात मोकळा, काम दीडपट. खोक्यांच्या फळ्या तासून त्या पाचरी मीच केल्या होत्या. पाळी सुरू झाली की मीच वाटायचो, तपासणीला कोणी येणार असलं की मीच गोळा करायचो.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा जबाब मी लिहिला. 'पाचर मी स्वतः लावली. सुपरवायझरांनी दोनदा काढायला सांगितली. मी हसलो आणि काम चालू ठेवले.' त्यातलं 'हसलो' मी घातलेलं. नुसतं 'ऐकले नाही' लिहिलं असतं तर चौकशीत कोणी खोदून विचारलं असतं. हसला म्हटल्यावर कोणी काही विचारलं नाही. त्याला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. मी वाचून दाखवलं. उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून डाव्याचा अंगठा घेतला. त्याची नोकरी गेली. मी निवृत्त होईपर्यंत तिथंच होतो.

गेल्या आठवड्यात दुपारी दौलताबादला गेलो. किल्ल्याच्या रस्त्यावर तो आणि त्याची बायको पेरू विकतात, हे मला ठाऊक होतं. बसच्या खिडकीतून दिसला की मी मान फिरवायचो.

"साहेब! लई म्हातारे झाले की. बसा." उजव्या तळव्याखाली पेरू दाबून त्यानं डाव्या हातानं चिरला, तिखट-मीठ लावून पुढं केला.

मी म्हणालो, त्या दिवसाबद्दल बोलायला आलोय.

"त्यात काय बोलायचं? तुम्ही सांगितलं, मी ऐकलं नाय."

"आन् वर हसले," बायको ढीग लावता लावता म्हणाली. "लई हसू येत होतं. आता हसा म्हणावं."

"गप गं." तो माझ्याकडं सरकला. "साहेब, एक विचारू? मी खरंच हसलो होतो का? कायबी आठवत नाय. पण रिकामा बसलो की डोक्यात येतं, कशापायी हसलो असंन?"

मी सांगितलं. पाचर मी दिली होती. काढायला सांगितलंच नव्हतं. उलट 'हात चालव, मालाची गाडी उभी आहे' म्हणून ओरडलो होतो. तू हसला नव्हतास.

बायकोचा हात पेरूवर थांबला. "मंग ते लिवलं कुणी?"

"मी."

तो शिवी देईल असं वाटलं. निदान द्यावी असं. तो फडक्यानं सुरी पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"पोरगा शेंद्र्याला कंपनीत हाय," तो म्हणाला. "प्रेसवरच. रोज निघताना त्याला सांगतो, कामावर हसायचं नाय. नाय हसत तो. आता घरीबी हसत नाय."

मी हातातल्या पेरूच्या फोडीकडं बघत होतो. ती ठेवताही येईना, खाताही येईना.

"सातच्या आत येतो," बायको म्हणाली. "हे त्याच्या म्होरं सांगा. तुमच्या तोंडानं."

"परतीची बस..." मी म्हणालो.

"बसा म्हणलं ना."

आम्ही तिघं बसलो. गिऱ्हाईकं आली, गेली. पावणेसातला रस्त्यापलीकडं कंपनीची बस थांबली. निळ्या शर्टातला एक तरणा माणूस डबा घेऊन उतरला. बापानं त्याला हाक मारली, आणि मी उठून उभा राहिलो.