किल्ल्यामागचा सूर्य

आमचं घर रत्नागिरीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, पूर्वेच्या अंगाला. सूर्य रोज किल्ल्यामागे जायचा आणि आमच्या अंगणात आधीच सावली उतरायची. मी सून होऊन इथं आले तेव्हा एकोणीसशे तीस साल नुकतंच मागे पडलं होतं. सासूबाई तर त्याच्या कितीतरी आधी आलेल्या. दर नवरात्रात सकाळी किल्ल्यावर जाऊन भगवतीची ओटी भरून त्या परतायच्या. पण वरून सूर्य समुद्रात बुडताना त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. बाईमाणसानं दिवेलागणीला घरात असायला हवं, आणि सूर्य काही तिच्या सोयीनं बुडत नाही.

त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यात उतरत होता. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या कानांवर हात ठेवत. एकदा तांदूळ निवडताना म्हणाल्या, "वरनं तो बुडताना कसा दिसतो, तेवढं बघायचं राहिलं गो. आता राहिलंच."

असलं राहिलेलं मला सहन होत नाही. पदर खोचला आणि मामंजींपुढे जाऊन उभी राहिले.

"आज दिवा तुम्ही लावा. मी सासूबाईंना किल्ल्यावर नेतेय."

मामंजींनी सारी उमर गलबतावर तांडेलकी केलेली. वादळाला न घाबरलेला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "मी? दिवा?"

"गलबतावर कोण लावत होतं?"

मामंजी काडेपेटी शोधायला उठले.

शेजारणी दारात येऊन बघू लागल्या. बघू देत म्हटलं. दम लागला तरी सासूबाई थांबायचं नाव घेईनात. पश्चिमेच्या बुरुजावर पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. मला धास्ती एकच, त्यांना दिसेल ना?

डोळे बारीक करून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला दोन दिसतायत गो."

एकच आहे, असं सांगायला जीभ उचलेना.

"असूं दे," त्या हसल्या. "इतकी वर्सं एकपण नाय बघितला."

बघता बघता तो बुडाला. सवयीनं मीच उठले. "चला, मामंजी वाट बघत असतील."

त्यांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. "बस गो. तो गेल्यावर हितं काय होतं, ते मी कधी बघितलंय?"