काकूचा हंबरडा

डबिंगच्या धंद्यात तिला सगळे रडकी काकू म्हणत. पडद्यावरची आई कुणीही असो, तिचा हंबरडा काकूच्याच गळ्यातून यायचा. पण गेल्या वर्षी तिचा स्वतःचा तरणाताठा मुलगा गेला, तेव्हा तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. भिंतीला टेकून ती नुसती बसून राहिली. जाऊबाई चारचौघांत बोलून गेली, "हिला रडायला माइक लागतो." मेलीच्या जिभेला हाड म्हणून नाही!

यंदा डबिंगवाल्यांचं संमेलन एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरलं होतं. जेवणानंतरच्या भाषणांनी लोक पेंगायला लागले, तसं सूत्रसंचालकाने काकूला ओढून स्टेजवर नेलं. "काकू, पोराच्या प्रेतावरचं ते तुमचं फेमस रडणं होऊन जाऊ दे!" त्या बापड्याला काहीच ठाऊक नव्हतं.

काकू माइकसमोर उभी राहिली आणि वर्षभर घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं. कुठल्याही सिनेमात नसलेल्या, फक्त घरातल्या लाडक्या नावाने तिने हाक मारली. पुढच्या रांगेतली माणसं जागच्या जागी थिजली.

तेवढ्यात मागून साउंडवाला ओरडला, "सॉरी काकू, माइक बंदच होता! मागे काही ऐकू आलं नाही. परत एकदा?"

काकूने डोळे पुसले. घोटभर पाणी प्यायली, इतक्या वर्षांच्या सवयीने मान डोलावली आणि परत रडली. तीच हाक, तोच हुंदका, अगदी जिथल्या तिथे.

टाळ्या थांबेनात. दुसरं रडणं पहिल्यापेक्षा चांगलं झालं, हे सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं.