सायलेन्सरला हळदकुंकू

आमची गाडी जुनी आहे हे मला मान्य आहे. ती धूर सोडते हेही मान्य. पण तिच्या पुढच्या सीटची कडी तुटल्यामुळे ती सीट सरकून थेट मागच्या सीटला टेकते, आणि माझ्या वडिलांचा न वाकणारा गुडघा अख्ख्या बेंगळुरूत फक्त तिथेच मावतो. ऑटोत त्यांना चढता येत नाही, मेट्रोचं तर नावच नको. दर शनिवारी ते याच गाडीतून बसवनगुडीहून मल्लेश्वरमला जातात, थोरल्या बहिणीशी भांडायला. त्या दोघांनाही भांडायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

बायकोने अट घातली होती: धुराच्या टेस्टमध्ये पास झाली तर ठेवू, नाहीतर भंगारात. मी हो म्हणून बसलो होतो, कारण सिग्नलला मागचे स्कूटरवाले नाक धरून माझ्याकडे बघायचे.

त्या शनिवारी आधी आत्याकडे कॉफी घ्यायची आणि मग तिच्या घराजवळच्या पेट्रोल पंपावर टेस्ट उरकायची असं ठरलं. कॉफी पिताना वडिलांनी आत्याला सगळं समजावलं. मागच्या नळीत एक कांडी घालतात, धूर मोजतात, सगळं त्या नळीवर अवलंबून. दसऱ्याची आयुधपूजा नुकतीच झाली होती. आत्याने तेव्हा बॉनेट, चाकं, अगदी वायपरलाही हळदकुंकू लावलं होतं.

"म्हणजे परीक्षा जिथे, तीच जागा पूजेची राहिली की रे!" असं म्हणून ती उठून गेली. मी वडिलांची काठी शोधण्यात गुंतलो होतो.

पंपावरच्या माणसाने कांडी आत घातली. कॉम्प्युटरवर आकडा येईना. त्याने कांडी बाहेर काढली तर टोकाला लालपिवळा चिखल आणि शेवंतीच्या पाकळ्या.

"एनु सार इदु?" हे काय, म्हणून तो माझ्यावर खेकसला.

"पूजे," वडील सीटवरूनच म्हणाले, अतिशय गंभीरपणे.

त्याने वाकून नळीत पाहिलं, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मला म्हणाला, "नीवे तेगिरी." तुम्हीच काढा. मी रस्त्यात गुडघे टेकून, रुमाल काडीला गुंडाळून, आत्याची भक्ती बाहेर काढत होतो. वडील पुढून सूचना देत होते.

नळी साफ झाली, आकडा आला आणि गाडी सपशेल नापास झाली. कॉफीपायी इंजिन थंड पडलं होतं. "स्वल्प पळवून, गरम करून आणा," तो माणूस म्हणाला. "शेवटचं एकदा बघतो."

मग मी दुसऱ्या गिअरमध्ये, बोंबलत्या इंजिनासह, मल्लेश्वरमचे रस्ते पालथे घातले. भाजीवाल्या कानावर हात ठेवत होत्या. वडिलांनी खिडकीवरची मूठ घट्ट धरली होती आणि त्यांचे ओठ हलत होते. आत्याच्या पूजेला जन्मभर थोतांड म्हणणारा हा माणूस स्तोत्र पुटपुटत होता. शनिवार बंद पडले तर यांचं काय होणार, या विचाराने मी अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला.

गाडी पास झाली. अगदी काठावर, पण झाली. सर्टिफिकेट दाखवायला आम्ही परत आत्याकडे गेलो. वडिलांना उतरायचं नव्हतं, म्हणून तीच फाटकापाशी आली.

"बघ! कुंकवाने काम केलं," ती म्हणाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात वडिलांनी काठीने माझ्या पायाला टोचलं.

"हो अक्का," ते म्हणाले. वाद न घालता.

"परत कधी आहे टेस्ट?"

"सहा महिन्यांनी."

"सरी, ठीक आहे. पुढच्या वेळी स्वल्प जास्तच लावते."

"लाव," वडील म्हणाले. "पण लावायला तू असायला हवीस."