काट्यावरचा कॉलबॅक

जिंतूरजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्यांचं वजन घेणारा प्रोग्राम मी लिहायला घेतला, तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका! पुण्यात सहा वर्षं घासून आलेली इंजिनिअर मी, आणि समोर काय, तर एक वजनकाटा आणि तो सांभाळणारे एक म्हातारे काका. मालकांनी माझ्यासमोरच त्यांना सुनावलं होतं, "मशीन आपलं आपण वजन घ्यायला लागलं की तुमी घरी आराम करा."

"घरी बसून काय करू, बाई? भिंती मोजू?" काका मला नंतर म्हणाले. मला वाईट वाटलं, पण कामाच्या नादात मी ते गिळून टाकलं.

प्रोग्राम तसा साधा. आकडा स्थिर झाला की काट्याकडून कॉम्प्युटरला खूण यायची. तिची वाट बघायला मी थ्रेड पूलला बसवलं होतं. थ्रेड पूल म्हणजे आतले बिनपगारी गडी. खूण आली की आपण लिहून दिलेलं काम ते उरकतात; त्या कामाला कॉलबॅक म्हणायचं. माझ्या कॉलबॅकनं पावती छापायची, बस्स.

पहिली गाडी आली, पावती निघाली, मी कॉलर ताठ केली. दुसरी आली. ढिम्म! मागं हॉर्नचा नुसता कल्ला.

"बाई, तुमचं मशीन एकाच गाडीत दमलं की हो," म्हणत काका तोंडाला रुमाल लावून हसायला लागले.

चूक माझीच. हे वाट बघणं एकदाच पुरतं. कॉलबॅक होऊन गेला की "आता पुढच्या खुणेची वाट बघ" असं नव्यानं सांगावं लागतं. नेमकी तीच ओळ मी विसरले होते. लाजेनं मेल्यासारखं झालं. मुकाट्यानं ओळ कॉलबॅकच्या शेवटी टाकली, आणि गाड्या पटापट पुढं सरकायला लागल्या. काकांचं हसू मात्र गेलं.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः बघायला आले. "आज मशीनच सगळं करंल. काका, तुमी नुसतं बघा."

काका हाताची घडी घालून उभे राहिले. वालूरचा एक टेम्पो आला, कापसावर चार जण ऐसपैस बसलेले. टेम्पो काट्यावर चढला, आकडा स्थिर झाला, खूण आली, पावती बाहेर. मालक खुलले. तेवढ्यात वरचे चौघं धपाधप खाली उतरले आणि टपरीकडं निघाले.

"मालक," काका अगदी शांतपणे म्हणाले, "तुमचा कापूस चहा प्यायला चाललाय."

सगळी रांग खो खो हसली. एरवी काका आधी सगळ्यांना खाली उतरवायचे, मगच वजन घ्यायचे. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी शहाणीनं विचारलंही नव्हतं. काकांनी मुद्दाम तोंड बंद ठेवलं होतं, लबाड कुठले!

मी ती "पुढच्या खुणेची वाट बघ" वाली ओळ कॉलबॅकमधून उचलली आणि पडद्यावरच्या एका बटणामागं ठेवली. गाडीवरची माणसं उतरल्यावर कुणीतरी बटण दाबायचं, तेव्हाच थ्रेड पूल वाट बघायला बसणार.

"म्हणजे माणूस लागणारच?" मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"लागणारच," मी म्हणाले, आणि म्हणताना मला लय बरं वाटलं.

काकांनी खुर्ची पुढं ओढली, डोळे पुसले आणि पुढच्या गाडीवर खेकसले, "ए, उतरा खाली! कापसाच्या भावानं सोताला विकायचंय का तुमाला?"