‘टेस्ट’ नावाची आज्ञा

कुणी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर लांबलचक आज्ञा टाइप करताना अडखळलं, की मेजर खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि म्हणायचे, “सरक जरा. नाव लय सोपं पायजे, गड्या.”

ते उंब्रजचे. फौजेतून निवृत्त होऊन सांगलीतल्या आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळायला आले. फौजेतला हुद्दा काहीही असो, आपल्याकडे परतलेला प्रत्येकजण मेजरच असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी त्यांच्या हाताखाली होतो.

पेशंटचे लॅब रिपोर्ट बघायला भलीमोठी आज्ञा लागायची. मेजरांनी तिला टोपणनाव दिलं, ‘टेस्ट’. एवढं लिहून पेशंटचा नंबर टाकला की रिपोर्ट समोर. मेडिकल वॉर्डातल्या सिस्टर तर तेव्हापासून त्यांना दादाच म्हणू लागल्या.

मी एकदा म्हणालो, “मेजर, या नावाची आज्ञा मशीनमध्ये आधीपासून आहे.”

“आसू दे की. तिला कोन हाक मारतंय?” ते हसले.

पुढे वॉर्डात नवा कॉम्प्युटर आला. तो मी जोडला. मेजरांनी आज्ञेला दिलेलं टोपणनाव त्यात घालायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात कडेगावच्या एक आजी गुडघेदुखीसाठी दाखल झाल्या. सिस्टरांनी ‘टेस्ट’ लिहून नंबर टाकला. मशीनने आपली जुनी आज्ञा पाळली. ती आज्ञा पडद्यावर काहीच दाखवत नाही, चूक झाल्याचंही सांगत नाही. सिस्टरांना वाटलं, रिपोर्टात काही वावगं नाही. मूत्रपिंडांवर ताण आणणारी वेदनाशामक इंजेक्शनं चालू राहिली. आजींची मूत्रपिंडं आधीच थकली होती, तसं रिपोर्टात लिहिलेलंही होतं. दहाव्या दिवशी त्या गेल्या.

चौकशीत ठपका सिस्टरांवर आला. मेजर आपणहून समितीपुढे उभे राहिले. “दुसरं कुठलंबी नाव आसतं, तर मशीन बोंबललं आसतं, ही आज्ञा मला म्हाईत न्हाई म्हनून. मी दिलेल्या नावामुळं ते गप बसलं. बाईंची चूक न्हाई, सायेब.”

समितीतले एकमेकांकडे बघू लागले. “तांत्रिक बाब वेगळी,” अध्यक्ष म्हणाले. “रिपोर्ट बघणं सिस्टरचं काम.”

कॉम्प्युटर कुणी जोडला, हे मेजरांनी सांगितलं नाही. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. मीही सांगितलं नाही.

सिस्टरांची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी मेजरांनी राजीनामा दिला.

दोन महिन्यांनी मी उंब्रजला गेलो. मेजर ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “आवं, तुमी तरी बोलतं करा त्यास्नी.”

मी म्हणालो, “मेजर, कॉम्प्युटर मी जोडला होता.”

“म्हाईत हाय मला.” मग त्यांनी विचारलं, “बाईंना परत घेतलं का रं?”

“नाही.”

“दुसरीकडं कुटं?”

“कोणी घेत नाही.”

त्यांनी मान हलवली, उठले आणि आत गेले. मी चहा निवेपर्यंत बसून राहिलो. मेजर काही बाहेर आले नाहीत.