बेंचवरचा सुपरस्टार

चार माणसं एका टेबलाशी डबा खायला लागली की किस्से आपोआप साठत जातात. मी नागपूरची, लंडनमधल्या एका फुटबॉल क्लबच्या मीडिया टीममध्ये काम करते. आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच माणसाचे. केंजी! जपानमध्ये सुपरस्टार, इथे बेंचवर बसलेला सब्स्टिट्यूट.

*

तो येतोय ही बातमी टाकली आणि क्लबची वेबसाइट बंद पडली. सगळी झुंबड जपानमधून!

दुसऱ्याच सकाळी सिक्युरिटीवाल्या गॅरीने त्याला गेटवर अडवलं. "डिलिव्हरी मागच्या दाराने, मेट."

केंजी निमूटपणे मागच्या दाराने आत आला. तो कोण आहे हे कळल्यावर गॅरी लालबुंद होऊन माफी मागायला धावला. केंजी म्हणाला, "ते दार ड्रेसिंगरूमला जवळ पडतं. रोज तिकडूनच येत जाईन."

*

एकदा मी त्याला वेम्बलीला डोसा खायला नेलं. शेजारच्या टेबलावरच्या गुजराती काकांनी मोबाइल पुढे केला. "फोटो प्लीज?"

केंजी केस सारखे करून उभा राहिला. काकांनी फोन त्याच्याच हातात दिला आणि काकूंना खेटून बसले!

त्याने मन लावून फोटो काढला. मग आणखी एक काढला. काकूंचे डोळे मिटले होते म्हणे.

*

ओसाकाहून काही बायका खास त्याच्यासाठी मॅचला आल्या. तो मिनिटभरही खेळला नाही. मॅच संपल्यावर त्यांच्यासमोर जाऊन कमरेत वाकला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

"आमचे खेळून हरणारेसुद्धा एवढी माफी मागत नाहीत!" मागून एक म्हातारा ओरडला. हशा झाला. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. इथे त्याला मिळालेल्या त्या पहिल्याच टाळ्या.

*

कँटीनमध्ये एकदा त्याने सरळच विचारलं, "स्मिता, मला खेळायला आणलंय की जपानमध्ये माझ्या नावाचे शर्ट विकायला?"

"खरं सांगू? मला माहीत नाही."

"थँक यू," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांना माहीत असतं."

*

सीझनच्या शेवटी त्याचे वडील आले. मुलाच्या मॅचला ते कित्येक वर्षांत गेले नव्हते. जपानमध्ये ते स्टँडमध्ये बसले की कॅमेरे त्यांच्याकडे वळायचे, अनोळखी लोक हात मिळवायला यायचे. इथे ते माझ्या शेजारी बसले. आजूबाजूला कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

केंजीने वॉर्म-अप केला, परत बेंचवर बसला. मॅच संपली.

बाहेर दोघं भेटले तेव्हा मला राहवलं नाही. "सॉरी, आज त्याला खेळायला मिळालं नाही."

केंजीने ते वडिलांना सांगितलं. ते हळू आवाजात बरंच काही बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आज किती वर्षांनी पूर्ण वेळ तुझ्याकडे बघता आलं."