एका नळीवरचा नंबर

पर्यावरणाचा माणसाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणाऱ्या आमच्या सरकारी संस्थेत तिला सगळे सुईबाई म्हणत. बॅटरीच्या कारखान्यामागच्या गल्लीतल्या पोरांच्या रक्तात मेंदू मंद करणारं शिसं किती उतरलंय, हे पाहायला रक्त गोळा करण्याचं काम तिचं. हात इतका हलका, की पोरं रडायचीच विसरत.

त्याच गल्लीत तिची धाकटी बहीण राहायची. मेहुणा कारखान्यात कामाला. पहिल्याच फेरीत बहिणीनं तिला आत घेऊन दार लोटून घेतलं.

"ताई, कारखान्याचा साहेब म्हणालाय, ज्याच्या पोराचं रक्त खराब निघेल त्याला घरी बसवणार. माझ्या पोरीचं तेवढं निभावून ने गं."

सुईबाईनं निभावलं. घरी स्वतःच्या लेकीचं रक्त घेतलं आणि नळीवर भाचीचा नंबर चिकटवला.

भाचीचा निकाल चांगला आला, बाकी गल्लीचा वाईट. त्या अहवालामुळे एकेचाळीस पोरांना उपचार मिळाले, दोन वर्षांत कारखाना वस्तीतून हलला. मेहुण्याची नोकरी तशीही गेलीच. भाचीला मात्र कुणी औषध दिलं नाही. ती तिसरीत दोनदा बसली. बेरीज करताना हाताची बोटं संपली की रडायची. बहीण म्हणायची, "आमचीच ढ निघाली, कुणाला बोल लावायचा?" सुईबाई मान खाली घालून चहा प्यायची.

यंदा आमची संस्था एका मोठ्या संस्थेत विलीन झाली. निरोपाच्या सभेत निवृत्त सुईबाईचा सत्कार झाला. म्हातारे संचालक म्हणाले, "या बाईंच्या नळ्यांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला." सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती तिची भाची. आता बत्तीस वर्षांची. सुईबाईला धरणी दुभंगावी असं झालं.

सभा संपताच ती संचालकांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. शेजारच्या टेबलावर मी कागद बांधत होतो. माझे हात थांबले.

"एकच नळी होती, साहेब."

"एकच?" त्यांनी चष्मा काढला. "अभ्यास एका नळीनं कोसळत नाही, बाई. मी दुरुस्तीची नोंद करतो. पण त्या मुलीला कोण सांगणार?"

बाहेर पायरीवर भाची मावशीची सत्काराची शाल सांभाळत बसली होती. सुईबाई शेजारी बसली आणि अडखळत बोलली. भाचीनं शाल मांडीवर ठेवली.

"म्हणजे मावशी, मी मुळात ढ नव्हते?"

"नव्हतीस गं."

"मग आईला सांग ना. ती अजून तसंच म्हणते."

त्याच संध्याकाळी सुईबाईनं बहिणीला सांगितलं. बहीण तिच्याशी अजून बोलत नाही. डॉक्टरांनी भाचीला तपासलं. गेलेलं परत येणार नाही, म्हणाले. भाची दर रविवारी मावशीकडे येते आणि आल्याआल्या तोच प्रश्न पुन्हा विचारते. सुईबाई दर वेळी उत्तर देते, पण तिच्याकडे पाहून नाही.